न ऐकलेलं षटक

दादा, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि माझा राग अजून गेलेला नाही. लोकांना वाटतं, बिचारी रडून रडून गप्प झाली. मी रागानं गप्प आहे. तू असतास तर माझ्या नाकाकडं बघून एका क्षणात ओळखलं असतंस.

जिंतूरच्या तुझ्या घरी ओसरीत सतरंजी टाकली आहे. येणारा माणूस तिच्यावर बसतो, थोडा वेळ जमिनीकडं बघतो आणि म्हणतो, "लय चांगला माणूस. कधी कुणाला न्हाई म्हणला न्हाई." खरं आहे. तू कुणाला नाही म्हणायचा नाहीस. पण दुसऱ्यालाही म्हणू द्यायचा नाहीस, हे त्या सतरंजीवरच्या कुणाला ठाऊक? ते मला ठाऊक आहे, तुझ्या धाकट्या बहिणीला. सुतकाच्या घरात असं बोलत नाहीत, म्हणून लिहिते आहे. काल दहाव्याला पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला. तुझी काही इच्छा राहिली नव्हती, म्हणे. माझी राहिली, तिचं काय करायचं ते कावळ्याला कोण विचारणार?

लिहायला कागदही तुझाच आहे. माझं लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला तू मानवतला एक साडी आणि एक स्कोअरबुक घेऊन यायचास. साडी सगळ्यांसमोर द्यायचास, स्कोअरबुक पिशवीच्या तळातून काढून हळूच माझ्या हातात. तू दवाखान्यात जाईपर्यंत मी त्यातल्या एकाही वहीत एकही चेंडू लिहिला नाही. काही पानं फळीवरच्या डब्यांखाली अंथरली, काहींवर पापड वाळवले. तुला ते दिसत होतं. तरी पुढच्या वर्षी तू नवी वही आणायचासच.

स्कोअर लिहायला तूच शिकवलं होतंस, ते मी विसरलेले नाही. मी पाचवीत असेन. निर्धाव चेंडूला एक टिंब. सहाही चेंडू निर्धाव गेले की सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा. मला तो एम काढायला इतका आवडायचा की फलंदाजांनी धावाच करू नयेत असं वाटायचं. तालुक्याच्या स्पर्धेला तू मला सायकलच्या नळीवर बसवून नेलंस. तिथली पोरं हसायला लागली, "पोरगी स्कोअर लिव्हणार व्हय?" तेव्हा तू म्हणालास, "तुमच्या टीमच्या कॅप्टनपेक्षा तिला गणित जास्त येतं." दोन दिवस मी टेबलाशी बसून लिहिलं आणि एका धावेचाही फरक पडला नाही. तेवढा ताठ कणा पुढं माझा कधी झाला नाही. हे तुझ्या बाजूनं लिहून ठेवते, कारण पुढं तुझ्या बाजूनं फार थोडं आहे.

आपला खरा जीव मात्र तीन देशांच्या मालिकांवर. पेपरात त्यांना 'तिरंगी मालिका' म्हणायचे, आणि त्या शब्दानं आपल्या आईची कशी फसगत झाली होती, आठवतं? तू एकदा मोठ्यानं वाचलंस, "उद्यापासून तिरंगी मालिका." आईनं चुलीपुढून विचारलं, "आत्ता कशाची तिरंगी? पंधरा ऑगस्ट तर होऊन गेला की." तिनं ती झेंड्याची मॅच ठरवली. मग रेडिओपुढं कुणी चपला घालून बसायचं नाही, आपल्या वडलांनी, बापूंनी तिथं बिडी ओढायची नाही. तू तिला खरं काय ते सांगितलं नाहीस. बापूंच्या धुराची कटकट परस्पर मिटली होती, तुला काय! आई जाईपर्यंत तिच्या लेखी तिरंगी म्हणजे झेंड्याचीच मॅच राहिली.

तिरंगीचं तुझं एक शास्त्र होतं. तू म्हणायचास, "आपली टीम खेळती ती मॅच सगळं गाव ऐकतं. खरी मॅच तिसरी, जेच्यात आपण न्हाईच. आपण घरी बसल्याले, आन् आपलं काय व्हायचं ते दुसरे दोघं ठरवायलेत." दुसऱ्या दोन संघांमधल्या त्या मॅचला आपल्या रेडिओपुढं दोनच माणसं असायची. तू आणि मी. तुझं शास्त्र मला तेव्हा फार आवडायचं. ते माझ्यावरच चालवलं जाईल हे माहीत नव्हतं.

अशाच एका तिसऱ्या मॅचला आपला तो लेगबाय झाला. मालिका आपल्याच देशात होती, त्यामुळे सगळे सामने रेडिओवर होते. मी लिहीत होते, तू ऐकून सांगत होतास. ऐन मधल्या षटकांत रेडिओचा आवाज बसत बसत बंद पडला. दुसरे दोन सेल तू उन्हात तापायला भिंतीवर ठेवले होते. ते आणून घालेपर्यंत एक अख्खं षटक निघून गेलं. आवाज आला तेव्हा धावसंख्या पाचनं वाढलेली. दोन्ही फलंदाजांच्या मिळून चारच वाढलेल्या. एक धाव कुठून आली ते कळायला मार्ग नव्हता.

मी त्या षटकाची सहा घरं कोरी ठेवली. तू वही ओढून घेतलीस आणि एका घरात लेगबाय लिहिलास. बॅटीला न लागता चेंडू पायाला लागून जातो आणि धाव निघते, ती. संघाच्या बेरजेत जाते, पण कुणा फलंदाजाच्या नावावर चढत नाही. बाकीची पाच घरंही तू टिंबांनी आणि दोनच्या आकड्यांनी भरून टाकलीस.

"तू ऐकलंस का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग कस्काय लिव्हलास?"

"अगं, बेरीज जुळाया पायजे की. कोरं ठेवलं तर पुढलं सगळं चुकल."

"नो-बॉल असंल. साधा बाय असंल."

"असंल. पण लेगबायनं कुणाचं काय बिघडायलंय?"

आपण इतके भांडलो की आई उठून आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "झेंड्याची म्याच हाय न्हवं? मंग तिच्या वहीत खोटं लिव्हू नये." तू हसलास. लेगबाय तसाच राहिला आणि बेरीज शेवटपर्यंत जुळली.

वरवर बघितलं तर पोरांचं भांडण. पण तुझा स्वभाव मला त्या दिवशीच कळायला हवा होता. जे ऐकलं नाही, तेही तू भरून टाकायचास, आणि बेरीज जुळते म्हणजे ते खरंच आहे असं धरून चालायचास.

आता दुसरं सांगते. हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही.

मानवतची माणसं मला बघायला आली तो रविवार. मी बारावी झाले होते. खेळाची शिक्षिका व्हायचं म्हणून परभणीच्या कॉलेजचा फॉर्म आणून पेटीत ठेवला होता. तो फॉर्म तूच आणला होतास, हे विशेष. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घर खाऊनपिऊन सुखी. बैठकीत पोह्यांच्या बशा फिरत होत्या आणि रेडिओ चालू होता, कारण तेव्हाही कुठंतरी तिरंगीच सुरू होती. पाहुणेच मध्ये मध्ये विचारायचे, "किती झाले?" मग स्थळाचं बोलणं निघालं तसे बापू तुला म्हणाले, "जा, तिला पसंत हाय का इचारून ये."

तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलास. मी चुलीवरचा चहा गाळत होते. तू म्हणालास, "सुमे, काय सांगू?"

मी काहीच बोलले नाही. मला नाही म्हणायचं होतं असंही नाही. मला वेळ हवा होता. दोन दिवस हवे होते, त्या पेटीतल्या फॉर्मकडं बघत बसायला. चुलीचा धूर डोळ्यांत गेला म्हणून मी मान वळवून डोळे पदराला पुसले. परत दाराकडं बघितलं तर तू नव्हतास. बैठकीतून तुझा आवाज आला, "हाव म्हणली."

आपल्याकडं हो म्हणायला 'हाव' म्हणतात. शाळेच्या पुस्तकात मात्र हाव म्हणजे लोभ. 'अति हाव बरी नव्हे' हा धडा तू मला मुद्दाम आपल्या चालीवर वाचून दाखवायचास आणि आपण दोघं पोट धरून हसायचो. त्या दिवशी बैठकीतल्या हावचा अर्थ आपला होता की पुस्तकातला, ते मला पाच महिन्यांनी कळलं.

तुझ्या लग्नात कळलं. गंगाखेडहून आलेली वहिनीची मावशी हळद लावता लावता मला सहज म्हणाली, "बरं झालं बाई तुझं लवकर जमलं. आमी तर सांगून ठिवलं होतं, अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघू, मंग पारूला दुसरीकडं देऊ. घरात भईन बिनलग्नाची असल्यावर भावाचं आधी कसं करत्याल?" मी हसले. हळदीच्या हातांनी मलाही तिनं बोट लावलं. पारूवहिनीला तू तिच्या गावी जत्रेत बघितलं होतंस आणि तेव्हापासून तिच्यासाठी झुरत होतास, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. तुझा निरोप्या मीच होते. पण तुझी फायनल माझ्या मॅचवर अडलेली आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू तरी सांगायचंस! "सुमे, माझं अडलंय, हाव म्हण," एवढं तोंडानं मागितलं असतंस तर मी कदाचित दिलंही असतं. तू मागितलं नाहीस. परस्पर लिहून टाकलंस.

आणि बेरीज जुळली, दादा. तक्रार कुणापाशी करू? मानवतची माणसं वाईट नाहीत. नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, महिन्यातून एकदा न सांगता जिलेबी आणतो. मुलं शिकली. सगळे म्हणतात सुमनचं चांगलं झालं. त्या चांगल्यात मी कुठं आहे ते मलाच सापडत नाही. संघाच्या बेरजेत धरलेली, आपल्या नावावर काही नसलेली. अंगणवाडीत नोकरी लागली तेवढी एक माझी. तिथं हजेरीच्या रजिस्टरात मी न आलेल्या मुलाची हजेरी कधी लावत नाही. वरच्या बाई चिडतात, "सुमनताई, तुमचंच रजिस्टर कसं एवढं कोरं?" मी म्हणते, कोरं आहे ते खरं आहे. हा हट्ट माझ्यात कुठून आला ते त्यांना कसं सांगू?

एकदाच विचारलं होतं तुला. भाऊबीज होती, ओवाळून झालं होतं, ताटातलं निरांजन अजून तेवत होतं. मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी हाव म्हणले नव्हते."

तू डोळे वर केले नाहीस. म्हणालास, "मान हलिवलीस की तू."

"धूर गेला होता डोळ्यात."

"मला दारातून मान हलल्याली दिसली."

तेवढ्यात हे आत आले आणि तू त्यांना कापसाचा भाव विचारलास. ते भांडण तिथंच थांबलं. पुढं एकदा तुझा फोन आला, फार खुशीत होतास. "सुमे, जुनी स्कोअरकार्डं सगळी मोबाइलवर हायत. आपला लेगबाय काढून बघू का?" मी नको म्हणाले. मला भीती वाटली. तो खरंच लेगबाय निघाला असता तर तू म्हणाला असतास, बघ, मी न ऐकता बरोबर लिहिलं. आणि मग दुसऱ्याही बाबतीत तू बरोबर ठरला असतास. कारण मला वेळ मिळाला असता तर मी काय म्हणाले असते, हे मला आजही सांगता येत नाही. तो चेंडू टाकलाच गेला नाही. सगळ्यात जास्त राग मला त्याचा आहे.

परभणीच्या दवाखान्यात तुझ्यापाशी मी सोळा दिवस राहिले. वहिनी सकाळी घरी जाऊन डबा घेऊन यायची, तोपर्यंत मी. फुप्फुसांनी तुझा दम काढला होता, तरी बायकांची तिरंगी चालू आहे म्हटल्यावर तुझे डोळे उजळले. मोबाइल स्टीलच्या पेल्याला टेकवून ठेवला. तू विचारलंस, "आज आपल्या पोरी हायत का?" मी म्हणाले, नाहीत. तू मास्कच्या आतून म्हणालास, "मंग हीच खरी मॅच." मी पिशवीतून तुझ्याच एका भाऊबीजेचं स्कोअरबुक काढलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यात पेन्सिल टेकवली. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते दिसलं आणि मी न दिसल्यासारखं केलं.

तेवढ्यात रेंज गेली. परत आली तोवर एक षटक निघून गेलं होतं. मी घरं कोरी सोडून पुढं लिहायला लागले.

तू बोट उचललंस. "भर की गं."

"ऐकलं न्हाई, बघितलं न्हाई."

"भर एकदा."

"आता मोबाइलवर मागं जाऊन बघता येतंय, दादा. खरं काय ते दिसतंय. बघू?"

"बघू नगू. तूच भर." दम लागला तरी तू बोलत राहिलास. "एकदा तरी भर, सुमे. मंग कळल."

काय कळेल? तू माफी मागत होतास की मला तुझ्यासारखं करू बघत होतास? मला विचारायचं होतं. इतक्या वर्षांचं ते एकच विचारायचं होतं आणि तू समोर होतास, आणि वहिनी यायला अजून तास होता. मी वही मिटली आणि म्हणाले, "मी भरत नसते." तू तोंड भिंतीकडं केलंस. आपलं शेवटचं बोलणं ते. मला सुचलं नाही की तुझा हात हातात घ्यावा. सुचलं होतं, खरं तर. घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझे ओठ हलले. मी उठून कान जवळ नेला. मास्कमध्ये हवेचा फुसफुस आवाज आणि नेमकी त्याच वेळी बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. तू काहीतरी बोललास, दोन शब्द असतील. मी म्हणाले, "काय? परत म्हण." तू परत म्हणाला नाहीस. वहिनी डबा घेऊन आली तेव्हा सगळं संपलं होतं.

तेव्हापासून ते दोन शब्द मी रोज लावून बघते. 'पाणी दे' असेल. 'पारू कुठं' असेल. 'चुकलं माझं' असं लावलं की बेरीज फार सुरेख जुळते, पण मी ते लावणार नाही. ते माझ्यासाठी कोरंच ठेवते आहे. तुझ्यावर प्रेम आहे म्हणून नव्हे, मी अशी आहे म्हणून.

एवढंच सांगून हे थांबवलं असतं. पण आज सकाळी जे झालं ते तुला सांगायलाच हवं.

वहिनीनं या अकरा दिवसांत भाकरीचा तुकडा मोडलेला नाही. चहावर आहे. मी गॅसजवळ चहा गाळत उभी होते. ती आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली, चौकटीला हात लावून, अगदी तू थांबला होतास तशी. तिला यातलं काही ठाऊक नाही. जिच्यासाठी तू तो शब्द भरलास, तिला तो कधी कळला नाही, आणि मी कळू दिला नाही. त्यात तिचा काय दोष?

"ताई," ती म्हणाली, "तुमी होतात जवळ. तेनी जाताना माझं नाव घेतलं का?"

मी गाळणी खाली ठेवली. खरं तेच सांगायचं होतं, की वहिनी, मला ऐकू आलं नाही. तोंडावर आलेलं होतं. तिनं एक पाऊल आत टाकलं, आणि माझ्या तोंडाकडं बघत ती नुसती थांबली. मला जेवढा वेळ हवा होता तेवढा तिनं दिला. मला घाई केली नाही, दादा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं आणि उत्तर माझ्या तोंडून ऐकायला उभं राहिलं.

मी म्हणाले, "हाव."

तिनं पदर तोंडाला लावला, खूप रडली, आणि मग माझ्याकडं अर्धी भाकरी मागितली.